सरावाचा पेशंट

जुन्या फायली रद्दीवाला किलोवर घेतो, किस्से घेत नाही. म्हणून निवृत्तीनंतर ते माझ्याच घरात साठलेत. राजापेठेतल्या या घरात ऐकायला दुसरं कोणी नाही. तेव्हा तुम्हीच ऐका!

अमरावतीच्या एका फार्मसी कॉलेजात मी क्लार्क होतो. तिथे 'फार्म डी' शिकवतात. सहा वर्षांची पदवी, शेवटचं वर्ष हॉस्पिटलात. एकदा अकोटकडचे एक फुलमळेवाले गृहस्थ पोरीच्या अ‍ॅडमिशनला आले.

"बाबूजी, हे शिकून पोरगी सुई टोचन का?"

"नाही."

"ऑपरेशन?"

"नाही. डॉक्टरांनी लिहिलेली औषधं एकमेकांशी भांडतात का, ते पाहील."

"भांडणं पाहाले सहा वर्षं? आमच्या गल्लीत पाठवा, आठ दिवसांत पास होते!"

तरी अ‍ॅडमिशन घेतलीच. पोरीचं नाव अश्विनी.

*

पेशंटला औषध समजावून सांगायचं प्रॅक्टिकल असे. कॉलेजात पेशंट कुठून आणणार? शिकवणाऱ्या मॅडम ऑफिसात डोकावायच्या, "काका, आज दमा!" की मी पेन ठेवून धापा टाकायला हजर. जेवणाच्या सुट्टीनंतर मधुमेह.

इतके आजार काढले, पण मेडिकल रजा एकालाही मिळाली नाही!

*

पुढे पोरांना अकोल्याच्या एका हॉस्पिटलच्या वॉर्डात नेत. पेशंट पूर्वीपासून कोणती औषधं घेतो, ते विचारून लिहायचं. एक पोरगा एका आजीपाशी बसला तो उठेचना. मॅडमनी विचारलं, "मिळाला का औषधांचा इतिहास?"

"मॅडम, सुनेचा मिळाला. औषधांपर्यंत पोचलोच नाही!"

दुसऱ्या दिवशी आजी सगळ्यांना विचारत होती, "कालचा पोरगा कावून नाई आला?"

*

एकदा प्रॅक्टिकल चालू असताना मला खरीच चक्कर आली. खुर्चीवरून सरळ खाली. वर्गात टाळ्या! "काका, आज अ‍ॅक्टिंग जबरदस्त!"

अश्विनीनं तेवढी नाडी धरली. ब्लड प्रेशर चांगलंच वाढलेलं निघालं. मॅडम गोंधळून म्हणाल्या, "पण आजच्या केसमध्ये तर हे नव्हतं!"

तेव्हापासून रोज एक गोळी.

*

प्रॅक्टिकलमध्ये एक प्रश्न ठरलेला असे, "घरी गोळीची आठवण कोण करून देतं?" माझं उत्तरही ठरलेलं, "बायको."

बायको गेली. तेरवी आटोपून कामावर आलो, तर त्याच दिवशी प्रॅक्टिकल. समोर बसलेल्या पोरानं तेच विचारलं, मी म्हणालो, "बायको."

त्याला पूर्ण मार्क मिळाले.

*

यंदा अश्विनी शेवटच्या वर्षाला आहे, अकोल्यात. पेशंट घरी गेल्यावर फोन करून गोळ्यांची चौकशी करायची, हे तिचं काम. तिनं मलाही यादीत घातलं. नियम एवढाच, की पेशंट नियमित गोळी घ्यायला लागला की फोन बंद.

काल जेवण झालं, गोळी घेतली, भांडं विसळून ठेवलं आणि फोनजवळ बसलो. वाजला.

"काका, गोळी घेतली?"

"विसरलो."

"रोजचंच आहे तुमचं! किती डाव सांगू तुमाले? आता घ्या. फोन ठेवू नका, मी आयकून राहिली."

मी नुसतं पाणी प्यालो, चांगला घोट वाजवून.

पलीकडे तिनं तो ऐकला. मग म्हणाली, "उद्याबी तुमी विसरानच, मले मालूम आहे. करीन मी फोन!"