गुनवोरचं वळण

गुनवोरच्या दाराच्या कडीलासुद्धा लाल रंगाचे डाग. असणारच! एकतीस वर्षं गावामागच्या डोंगरवाटेवर, दगडादगडावर लाल टी अक्षर रंगवायचं काम तिच्याकडे. ईस्टरच्या आधी स्कीवर जाऊन बर्फात बर्चच्या काठ्या रोवायच्या, तेही तिनंच. धुकं असो की हिमवादळ, तिच्या खुणा धरून चालणारा माणूस संध्याकाळी डोंगरावरच्या लाकडी घरात सूप भुरकत बसलेला असायचा. पगार? कपाळ! दरवर्षी गिर्यारोहण मंडळाची एक टोपी.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. मंडळानं वाट ओड्वारकडे सोपवली. ओड्वार गावातलाच, पन्नाशीचा, शाळेत भूगोलाचा मास्तर. ऑगस्टमध्ये वाट दाखवायला गुनवोर शेवटची वर चढली. अर्ध्यावर ओड्वारनं जीपीएस काढलं.

"गुनवोर, इथं वाट उगाच टेकाडाला वळसा घालते. सरळ नेली तर वीस मिनिटं वाचतील."

 ते वळण गुनवोरनं पहिल्याच वर्षी मुद्दाम काढलं होतं. टेकाडापलीकडे दलदल होती, आणि दलदलीत मोल्टे. त्या केशरी फळांची जागा कुणी कुणाला सांगत नाही. तिनं नवऱ्याला मरेपर्यंत सांगितली नाही, आणि सख्ख्या बहिणीला तर नाहीच नाही!

"तिकडे दलदल आहे. पाय रुततील."

"फळ्या टाकू की."

"साप आहेत."

"एवढ्या उंचीवर?" मास्तर हसला आणि सरळ टेकाड चढू लागला. गुनवोर लंगडत, मनातल्या मनात त्याचा उद्धार करत मागोमाग.

पलीकडे सगळी दलदल केशरी झालेली. संपलं सगळं, गुनवोरला वाटलं. आता पुढच्या वर्षी अख्खं गाव बादल्या घेऊन इथं.

ओड्वार म्हणाला, "यंदा आठ दिवस लवकर पिकली."

"तुला रे काय ठाऊक, एरवी कधी पिकतात ते?"

मास्तरचे कान लाल झाले. गुनवोरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दरवर्षी खालची बाजू साफ झालेली असायची, आणि ती करकोच्यांना शिव्या घालायची.

"मेल्या! तो करकोचा तू होतास?"

"वडिलांनी दाखवली होती जागा. तुम्ही वाट वळवलीत, त्या दिवशी जागा वाचली म्हणून ते घरी केक घेऊन आले होते."

"मग सरळ वाट कशाला सुचली तुला?"

"वरची बाजू तुम्हीच खाता का, ते बघायचं होतं. बाबा म्हणायचे, करकोचे."

गुनवोर पोट धरधरून हसली. हसता हसता तिला रडू आलं. "आता मला इथवर यायला जमायचं नाही रे," ती म्हणाली.  वळणावर परतून ओड्वारनं दगडावर टी रंगवला, नेहमीच्या दुप्पट मोठा.

पुढच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी घंटा वाजली. काठी टेकत गुनवोरनं दार उघडलं, तर बाहेर कुणी नाही. पायरीवर झाकण लावलेली बादली, काठोकाठ मोल्ट्यांनी भरलेली. झाकणावर लाल रंगात लिहिलं होतं, "वरच्या बाजूची. करकोच्यानं एकही खाल्लेलं नाही."