बारमासी टायर

मला 'चालशे' या गुजराती शब्दाचा राग आहे. चालशे म्हणजे चालेल, निभावून जाईल. आजचा नाही, तीस-पस्तीस वर्षांचा. जन्म बडोद्याचा, घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती असाच वाढलो, त्या भाषेवर माझं प्रेम आहे; पण हा एक शब्द कुणी उच्चारला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी कारखान्यात सेफ्टी खात्यात होतो. शिडी हलतेय? चालशे. हेल्मेटचा पट्टा तुटलाय? चालशे, साहेब. एका फिटरचा कमरपट्टा असाच 'चालला' आणि तो उंचावरून पडला, पायाने अधू झाला कायमचा. त्यानंतर मी खात्यात फतवाच काढला, माझ्यासमोर हा शब्द बोलायचा नाही. घरातही बंदी. मुलगी शाळेत असताना एकदा दप्तराच्या तुटलेल्या पट्ट्याला पिन लावून "चालशे बाबा" म्हणत निघाली होती. तिला फाटकातून परत बोलावलं आणि पट्टा शिवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पहिला तास बुडाला तिचा. बायको म्हणाली, "अहो, घर आहे हे, तुमचा प्लांट नाही." नसेना का!

तर ही मुलगी आता कॅनडात असते. चढउतारांचं गाव, चार-पाच महिने बर्फ. जावई आठवडाभर दुसऱ्या शहरात नोकरीला, शनिवार-रविवार घरी. म्हणजे सकाळी अंधारातच गाडी काढायची, पाच वर्षांच्या नातीला शाळेत सोडायचं आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये वेळेवर पोचायचं, हे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. गेल्या वर्षी त्यांनी एक वापरलेली एसयूव्ही घेतली. टायर पार गुळगुळीत. दिवाळीच्या सुमारास रविवारच्या फोनवर तिने मला विचारलं.

"बाबा, दुकानदार तीन प्रकार दाखवतोय. ऑल-सीझन, ऑल-वेदर आणि निव्वळ थंडीचे. थंडीचे घेतले तर उन्हाळ्यात काढून ठेवायला आमच्या फ्लॅटमध्ये जागा नाही. वर्षभर एकच ठेवायचेत. कोणते घेऊ?"

लेक इतक्या लांबून आपल्याला विचारते म्हटल्यावर माझी छाती फुगली. "थांब, चौकशी करून सांगतो," म्हणालो.

चौकशी काय, तर वासणा रोडवरचा आमचा टायरवाला. आमच्या गाडीचे टायर वर्षानुवर्षं तोच बसवतो. त्याला जाऊन विचारलं, एसयूव्ही आहे, शहरातल्या शहरात फिरते, बारा महिने ठेवता येईल असा टायर कोणता? त्याने मान वरही केली नाही. "बारमासी नाखी दो, काका." बारमासी टाका म्हणाला, एका टायरच्या कडेवर ऑल-सीझन लिहिलेलं बोटाने दाखवलं आणि पुन्हा पंक्चर शोधायला लागला.

बारमासी! शब्द असा फिट्ट बसला की विचारू नका. आम्ही बडोद्याचे लोक सदाफुलीला बारमासी म्हणतो. कारेलीबागेतल्या आमच्या गॅलरीत तिच्या दोन कुंड्या आहेत. पाणी घाला, विसरा, ऊन असो, थंडी असो, ती आपली फुललेलीच. पुढच्या रविवारी मी मुलीला ठणकावून सांगितलं, "ऑल-सीझन काय, ऑल-वेदर काय, एकच गं! दोन्ही बारमासी. दुकानदार उगाच घोळ घालतोय. आणि तुझ्या गाडीची चारही चाकं ओढतात, तुला कसली भीती?" आणखीही काही बोललो असेन. बोलायला लागलो की मी थांबत नाही.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या रविवारी बायको नातीला व्हिडिओवर पतंग दाखवत होती. नात मध्येच म्हणाली, "आजोबा, आमची गाडी घसरगुंडी खेळली. आई केवढ्यांदा ओरडली. मी नाही रडले." मागून मुलीचा हात आला, चित्र वाकडं झालं. "काही नाही हो बाबा, जराशी घसरली. उंधियुं केलंत का?"

उंधियुं! मी म्हटलं, जावयाला दे फोन. मग त्याच्याकडून एकेक शब्द ओढून काढावा लागला. तीन आठवडे होऊन गेले होते. उतारावर सिग्नल लाल झाला, तिने ब्रेक दाबला, गाडी थांबलीच नाही. तशीच सरकत अख्खा चौक ओलांडून पलीकडच्या बर्फाच्या ढिगात घुसली. आडव्या रस्त्याने ट्रक येत होता. त्या ट्रकवाल्याने वळवला म्हणून वाचल्या दोघी. नात मागच्या सीटवर होती.

माझं डोकंच फिरलं. जावयाला म्हटलं, तुम्ही काय झोपा काढत होता? बायकोने फोन हिसकावून घेतला. मुलीशी तर मी बोललोच नाही. तीन आठवडे बापापासून लपवते म्हणजे काय! दर रविवारी फोनवर वरणाला फोडणी कशाची घातली ते सांगते आणि हे सांगत नाही?

सोमवारी सकाळी चहा न घेताच वासण्याला गेलो. चार गिऱ्हाइकांसमोर टायरवाल्याची खरडपट्टी काढली. माझी पोर मेली असती, नात मेली असती, तुझ्या बारमासीपायी! तो बिचारा हात पुसत उभा राहिला.

"काका, तमे बरफनी वात ज क्यां करी हती?"

खरंच की. बर्फाचं बोललोच नव्हतो मी. कॅनडाचंही नाही. बारा महिने म्हटलं, त्यात बर्फ आलाच असं मीच मनाशी धरून बसलो होतो.

"बरफ तो में गोळामां ज जोयो छे," तो म्हणाला. आयुष्यात बर्फ पाहिला तो लाल सरबत घातलेल्या गोळ्यातच. गिऱ्हाइकं हसली. त्यानेच मग मोबाइल काढला, शोधून शोधून वाचून दाखवलं. ऑल-सीझनचं रबर कडाक्याच्या थंडीत टणक होतं आणि पकड सोडतं. ऑल-वेदरचं मऊ राहतं, त्याच्या कडेवर डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. वर्षभर एकच टायर ठेवायचा आणि बर्फही तुडवायचा, तर तोच. राहिली चारही चाकं, तर ती गाडी पुढे न्यायला उपयोगी, थांबवायला नाहीत. मी जे एकच गं म्हणून उडवून लावलं होतं, तोच सगळा फरक होता.

घरी येईपर्यंत राग काही उतरला नाही. कुणावरचा राग ते विचारू नका. गॅलरीतल्या त्या बारमासीवरसुद्धा आला. संध्याकाळची वाट पाहिली, तिकडे उजाडू दिलं आणि मुलीला फोन लावला. सुरुवातच चढ्या आवाजात.

"टायर बदललेस का?"

"दुसऱ्याच दिवशी, बाबा. डोंगराची खूण असलेले घेतले."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला लागलं असतं."

"मला लागलं असतं! आणि तुला लागलं असतं त्याचं काय? एवढी शिकलेली तू, बर्फात राहतेस तू, मी इथे बडोद्यात पंखा लावून बसलोय! मी म्हटलं म्हणून घेऊन टाकायचे? तिथल्या दुकानदाराला चार प्रश्न विचारता येत नव्हते?"

"विचारले होते. तो म्हणालाच होता, ऑल-वेदर घ्या म्हणून. दोनदा म्हणाला."

"मग? ऐकलं का नाहीस त्याचं?"

मागे नात बूट सापडत नाही म्हणून ओरडत होती, ती आधी तिलाच उत्तर द्यायला लागली. मी पुन्हा तेच विचारलं, आणखी जोरात.

"तुम्ही चालशे म्हणालात, बाबा."

"मी?"

"हो, तुम्हीच. दोन्ही एकच गं, चालशे, असं म्हणालात. सगळ्या जन्मात तुमच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. म्हटलं, बाबा चालशे म्हणतायत, म्हणजे नक्कीच चालत असणार."