शालनने काढलेली दृष्ट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुकट निवडणं. नायगावच्या आमच्या चाळीत, खोलीबाहेर पेपर पसरून बसलो होतो. माझी बायको शालन भराभर डोकी-शेपट्या मोडत होती आणि मी निवडलेलं परत निवडत होती. मग म्हणाली, छातीत भरल्यासारखं होतंय. इस्पितळात नेईपर्यंत... संध्याकाळी भोईवाड्याच्या स्मशानात नेऊन सगळं उरकलं. त्याला आता महिना होईल. भेटायला येणारी माणसं तिच्यापेक्षा तिच्या पिक्चरबद्दल जास्त बोलतात. म्हणून मीच लिहितो. मला तो पिक्चर आवडत नाही.

चाळ पाडायची म्हणून अर्ध्या खोल्या रिकाम्या झाल्यात. मागच्या वर्षी टोकाच्या खोलीत ओंकार नावाचा एक दाढीवाला भुताचा पिक्चर काढायला आला. शालन तेव्हाही सुकटच निवडत होती. तो थांबला आणि म्हणाला, आजी, मला तुमचे हात पाहिजेत. त्या हातांनी गिरणीवाल्यांची खाणावळ चालवली, मी जन्मभर त्याच हातांचं खाल्लं, आणि हा कालचा माणूस येऊन ते मागतो. ती लाजली. लग्नानंतर मी तिला लाजताना बघितलं नव्हतं. तेव्हापासून तो माझ्या डोक्यात गेला.

पिक्चरला गोष्टच नाही. नळातून लाल लुगडं येतं ते येतच राहतं. पाळण्यात जिवंत मासा झोपवलेला. भिंतीला केस फुटतात आणि शालन बसून त्यांची वेणी घालते. मी विचारलं, ह्याच्यात मेलं कोण, मारलं कोणी? तर म्हणाली, विचारायचं नाही, नुसतं बघायचं. ही त्याची भाषा. घरी आली की ओंकार जेवला नाही, ओंकारचे डोळे सुजले. मी समोर ताटावर बसलेलो, माझे डोळे कोणी बघायचे?

शेवटच्या दिवशी तिला वाटलं, शूटिंग संपलं. हा सकाळपासून उपाशी, त्या भुताच्या खोलीत कॅमेऱ्याला डोळा लावून, काहीतरी लागलं असणार, म्हणून घरून मीठ, मोहरी, मिरच्या नेल्या आणि तो कॅमेऱ्यामागे होता तिथेच त्याची दृष्ट काढली. मिरच्या शेगडीत टाकल्या. तिचा हिशोब ठरलेला होता. ठसका लागला तर काही नव्हतं, नाही लागला तर दृष्ट जबरदस्त. सगळे खोकले, ती खूश. पण कॅमेरा चालूच होता, आणि ओंकारने ते तसंच पिक्चरच्या शेवटी लावलं.

दादरला एका छोट्या हॉलमध्ये दाखवला. तिची मूठ पडदाभर मोठी होऊन आपल्याच तोंडाभोवती फिरते, ओठ हलतात, आवाज नाही... माणसं खुर्चीत मागे सरकली. शालन माझ्या बाजूला पदर तोंडाला लावून हसत होती. नंतर लोक तिच्या पाया पडले. एकाने मला विचारलं, आपण कोण?

परत येताना बसमध्ये मी बोललोच. "सगळ्या हॉलची काढलीस. माझी कधी काढलीस?"

ती मालवणकडची. "तुमका कोणाची दृष्ट लागतली? आरशात बघा जरा."

पुढच्या सीटवरची बाई हसली. मी घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. घरी तिने न विचारता दुसऱ्यांदा चहा केला, तेवढंच.

तिला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत मी एकटाच होतो. सुकट सुपात तशीच, अर्धी निवडलेली. ओंकारने पिक्चर तिच्या मोबाइलवर पाठवलेला होता. मी मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला, पाट घेतला, पूर्वेकडे तोंड करून बसलो आणि शेवटचा भाग लावला. तिची मूठ माझ्यावरून फिरली. ओठ हलले. मिरच्या शेगडीत पडल्या, धूर उठला. मी थोडा पुढे सरकून बसलो...

ठसका लागला नाही.