केबलला कुंकू

"फ्लॉपीला कुंकू लावलं नाहीस ना?" बाईंच्या हाती फ्लॉपी दिली की पहिला प्रश्न हा. मग ती खिडकीकडे धरून एक डोळा मिटून तपासायच्या. हसू नका. एका दसऱ्याला त्यांच्या टायपिंग क्लासातल्या मुलींनी साऱ्या फ्लॉप्यांची पूजा केली होती आणि हळदकुंकू फटीतून आतल्या चकतीवर गेलं होतं. "केबलला लावा हवं तर," बाई म्हणाल्या होत्या. "तिला चालतं."

रत्नागिरीत संगणक मोजकेच, आणि तेही एकमेकांशी न बोलणारे. एका कंपनीच्या यंत्रावर भरलेली फ्लॉपी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला वाचता येत नाही. गिऱ्हाईक जखडून ठेवायचा धंदा, दुसरं काय! मी यावर पत्रक काढणार होतो. बाई म्हणाल्या, "पत्रक नंतर काढ, पुढाऱ्या. आधी ही वायर धर, कथलाचा डाग देऊन केबल करू दे."

कारण त्या दिवशी तीनला सुनावणी होती. खाडीकाठी बायका मासे सुकवतात ती जागा सरकारी कागदावर 'मोकळी' दाखवून धक्क्यासाठी द्यायचा घाट होता. मोकळी! वापरणाऱ्यांची नावं लेखी आली नाहीत, की विषय संपला. तीनशेवर नावं गावच्या एकाने मुंबईच्या कचेरीत टाइप करून फ्लॉपीवर पाठवली होती. मूळ कागद तिथेच राहिले, चूक माझीच. आणि बाईंचं यंत्र ती फ्लॉपी वाचेना.

मुंबईच्या जातीचं यंत्र गावात एकच, आंब्याच्या कारखान्याच्या कचेरीत. त्याला प्रिंटर नाही, आणि बाईंचा प्रिंटर त्याला चालत नाही. बाईंनी आपलं यंत्र आणि प्रिंटर गोधडीत गुंडाळून रिक्षात घातले. तिथे दोन्ही यंत्रं शेजारी मांडून मध्ये ती ताजी केबल लावली. "एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला. तोंडाला तोंड जोडलं तर तुमच्या सभेसारखं होतं."

नावं सरकू लागली! पण मुंगीच्या चालीने. "बाई, वेग वाढवा की!" त्यांनी वाढवला. नावं धावत सुटली, मी टाळ्या पिटल्या. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. कुठे अक्षरं गळलेली, कुठे अख्खं नाव. "ही तुझी घाई. हिला काय सांगशील आता, तू खाडीवर नव्हतीस म्हणून?"

ही म्हणजे पारूमावशी, खाडीवरून आमच्याबरोबर आलेली, दारात उभी. पुन्हा पहिल्यापासून, सावकाश. येणारं प्रत्येक नाव बाई मोठ्याने वाचत होत्या.

"माझां आलां काय ओ?"

"येतंय, मावशी."

"आता?"

"आलं! अख्खं आलं."

मावशीने पडद्याला हात लावून बघितला.

तीनला पाच कमी असताना सुनावणीच्या साहेबाच्या टेबलावर छापलेली यादी उलगडली. एकाला एक जोडलेल्या पानांची ती पट्टी टेबलावरून जमिनीवर, तिथून दारापर्यंत. मी घोषणेसाठी तोंड उघडलं तर बाईंचं कोपर बरगडीत. "नावं वाच." वाचली, सगळी. साहेबाने 'मोकळी' हा शब्द आमच्यासमोर खोडला.

यंदा नवऱ्याच्या बदलीमुळे बाई नागपूरला गेल्या. यंत्र नेलं, केबल मला दिली. परवा दसऱ्याला ती खाडीवर नेली. सुकत्या मासळीशेजारी पाटावर ठेवून पारूमावशीने तिला अंगठ्याने कुंकू लावलं, दोन्ही टोकांना.