जोडीला मी

रागिणीनं आजोबाला, मुंजाजीला, भाषण लिहून दिलं होतं. पहिलंच वाक्य होतं, ‘देशासाठी प्राण द्यायला मी स्वतःहून हात वर केला.’ मुंजाजी तिथंच अडकला. उद्या पंधरा ऑगस्ट, अन् शाळेत झेंडा फडकवायला केशरबाई येणार होती. लढाईत गेलेल्या तातेरावची बायको. तिच्यासमोर हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नसतं.

कागद खिशात घालून तो तिच्या घरी गेला. ती ओसरीत मुगाच्या शेंगा सोलत होती.

“या भावजी. उद्या माईकपुढं रडू नका म्हंजे झालं.”

“वैनी, एक सांगायचं व्हतं. चोपन्न वर्षं झाली, जमलं न्हाई.”

“मंग बसा तरी.”

तो बसला, अन् खाली बघून सांगू लागला.

एकाहत्तरच्या लढाईत साहेबानं विचारलं होतं, रणगाड्यांच्या आधी सुरुंगांतून वाट काढायला कोण जाईल? परत यायची आशा धरू नका, हेही सांगितलं होतं. मुंजाजीचा हात तडक वर गेला. त्यात शौर्य कसलं, ती घरची सवय होती. शिवारात लांडग्याचा माग दिसला, की मेंढरांच्या राखणीसाठी त्याचा चुलता विचारायचा, ‘आज कोण जागतो?’ चुलत्याला दुसऱ्यांदा विचारायला लावणं म्हणजे घराला लाज. अन् एकट्याला कधी सोडायचं नाही, म्हणून लगेच दुसरा कुणी म्हणायचा, ‘जोडीला मी.’

तातेराव शेजारीच उभा होता. त्याच गावचा, तशाच मेंढरांत वाढलेला. मुंजाजीचा हात वर गेलेला दिसला अन् तो म्हणाला, “जोडीला मी, साहेब.”

सहाजण गेले, दोघं परत आले. त्यांत तातेराव नव्हता.

“म्या हात वर केला नसता तर तो आज इथं असता, वैनी. म्याच नेलं त्याला.”

केशरबाईचे हात थांबले. “आधी तुमचा हात? बराबर आठवतं?”

“आधी माझा.”

“म्हंजे त्यानं रागात न्हाई केलं?”

“राग कशाचा?”

“दिवाळी आठ दिवसांवर व्हती अन् हा बॅग घेऊन निघाला. मी रुसले. वेशीपर्यंत बी गेले न्हाई. मला वाटलं, घरी कोणी वाट बघत न्हाई म्हणून यानं मरणाला हात वर केला.”

“न्हाई वो! ‘केशर रुसली, घरी गेलो की आधी तिला औंढ्याच्या जत्रेला नेतो,’ हेच रोज ऐकून माझे कान किटले व्हते.”

केशरबाईनं पदर डोळ्यांना लावला. पदराआडूनच तिनं विचारलं, “अन् हे आता सांगून राहिले? काहून?”

“भ्यालो.”

“सुरुंगाला न्हाई भ्याले, अन् मला भ्याले?”

“व्हय.”

तिनं पदर बाजूला केला. डोळे ओले होते, पण ती हसत होती. शेंगांचं सूप तिनं त्याच्यापुढं सरकवलं. “सोला मंग. तेवढी तरी शिक्षा घ्या.”

दुसऱ्या दिवशी झेंडा वर गेला अन् गुरुजींनी मुंजाजीचं नाव पुकारलं. त्यानं रागिणीचा कागद खिशातच ठेवला. खरं तेच बोलायचं ठरलं होतं, पण पाय उचलेनात. तेवढ्यात पाहुण्यांच्या खुर्चीतून केशरबाई उठली, त्याच्याजवळ आली, अन् त्याचं कोपर धरून म्हणाली, “चला भावजी. जोडीला मी.”