खुडूक कोंबडीखालच्या लाव्ह्या

नागुबाईच्या परसात लाव्ह्या आल्या त्या वडगावच्या शेजाऱ्यांमुळे. तिचा मुलगा स्वरूप बेळगावात एका बँकेत कारकून, आणि तो नि त्याची बायको दिपाली वडगावात भाड्यानं राहतात. दिपालीनं मोबाईलवर बघून जपानी लाव्ह्यांची थोडी पिलं आणली आणि गच्चीवर पिंजऱ्यात ठेवली. पिलं मोठी झाली, माद्या अंडी घालू लागल्या आणि नर पहाटे ओरडू लागले. ती गल्ली एरवी दिवसभर यंत्रमागांच्या खडखडाटात जेवते, डुलक्या काढते. पण नरांची ती घोगरी किरकिर तिला सोसेना. शेवटी एका रविवारी स्वरूप स्कूटरच्या पुढ्यात पिंजरा ठेवून गावी, बेळगुंदीला आला. मागं बसलेल्या दिपालीच्या मांडीवर खाद्याची पिशवी होती.

“आत्ती, थोडे दिवस ठेवून घ्या,” ती सासूला म्हणाली.

नागुबाईनं वाकून पाहिलं. रानातल्या लाव्ह्या तिला नव्या नव्हत्या. भात कापताना पायाखालून भुर्रकन उडायच्या आणि काळजात धस्स करून जायच्या. पण पिंजऱ्यातली, डोळ्याला डोळा लावून बघणारी लाव्ही ती पहिल्यांदाच पाहत होती.

“मुठीत मावत्यात की गं. ह्येंचं करायचं काय?”

“खायला घालायचं, पाणी बदलायचं. एवढंच.”

तेवढंच नव्हतं, हे आठवड्याभरात कळलं. मांजर नुसतं कौलांवरून गेलं तरी लाव्ह्या सरळ वर उडायच्या आणि पिंजऱ्याच्या छपराला डोकं आपटून घ्यायच्या. एक मादी रक्तबंबाळ झाली आणि गेलीच. तेव्हा नागुबाईनं आपलं जुनं सुती लुगडं फाडलं आणि छपराखाली ताणून बांधलं. आता उडाली तरी मऊ लागायचं. दुकानातलं खाद्य जाडं पडायचं, म्हणून ती ते जात्यावर भरडून चाळू लागली. त्यात मक्याची भरड, शेंगदाण्याची पेंड, थोडी कुटलेली सुकट. अंड्यांची टरफलं पातळ यायला लागली की शिंपल्यांचा चुरा. एका जुन्या घमेल्यात चुलीची राख आणि कोरडी माती कालवून ठेवली, की लाव्ह्या त्यात लोळण घ्यायच्या, पंख फुलवून राख अंगावर उडवायच्या. ते बघत ती कामं विसरून उभी राहायची. नवरा मारुतीराव रताळ्याच्या शेतातून आला तर चहा त्याचा त्यालाच करून घ्यावा लागायचा.

“तुला आमच्यापरास त्येच जास्त झाल्यात,” तो म्हणायचा. त्यात राग नसायचा.

नागुबाई मूळची गुंजीची. तिचे वडील रेल्वेत मजुरीला होते. गाड्यांच्या आवाजात वाढलेली मुलगी बेळगुंदीला आली आणि पहिले काही महिने तिला शांततेमुळं झोप येत नव्हती. सासूनं तेव्हा तिला आपल्या कुशीशी निजवलं होतं. थोरली सून म्हणून सासूचा तिच्यावर जीव होता. पुढं धाकट्या दिराचं, परशरामचं लग्न झालं आणि जयाबाई घरात आली. दोघी जावांचं चांगलं जमायचं. चुली वेगळ्या झाल्या, मधे कमरेएवढी भिंत आली, तरी भाजीची वाटी भिंतीवरून जायची नि यायची.

सासू अंथरुणाला खिळली ती दिपालीच्या बाळंतपणाच्या सुमारास. सून अवघडलेली, तिला आई नाही. नागुबाई वडगावला गेली. बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं, दवाखान्यात राहिलं, आणि आठ दिवसांसाठी गेलेली नागुबाई पावसाळा संपेपर्यंत तिथंच अडकली. म्हातारी गेली तेव्हा ती पोचली ती मातीलाच. बाराव्याला पाव्हण्यांनी घर भरलेलं होतं. कुणीतरी म्हणालं, थोरलीवर म्हातारीचा लई जीव. तशी पानं वाढणारी जयाबाई सगळ्यांसमोर बोलून गेली, “जीव असंल. थोरलीनं तोंडात पाण्याचा थेंब बी घातला न्हाय.”

नागुबाई काही बोलली नाही, आणि मग बोललीच नाही. वर्षं गेली. भाऊ-भाऊ एका मोटारसायकलवरून बेळगावला जायचे, एकमेकांची अवजारं न विचारता न्यायचे. पण दोघी जावा एकाच वेळी परसात आल्या तर एक आत जायची. कोण जायचं हेही ठरून गेल्यासारखं झालं होतं.

लाव्ह्यांना दीड वर्ष झालं तशी अंडी कमी झाली. नवी पिलं काढायची तर एक अडचण होती. ही जात अंड्यांवर बसतच नाही. मादी चालता चालता अंडं टाकते आणि मागं वळूनही बघत नाही. नागुबाईला आधी ते खरंच वाटेना. तिनं गवताचं घरटं करून दिलं, अंडी त्यात मांडली. लाव्ह्यांनी गवत उपसून फेकलं.

“मशीनमधी जल्मून जल्मून विसरल्यात त्या,” मारुतीराव म्हणाला.

मग दिपालीनं एक छोटं मशीन पाठवलं. थर्माकोलची पेटी, आत बल्ब आणि उष्णता दाखवणारा काटा. नागुबाईनं चांगली अंडी निवडून आत मांडली. रोज हलक्या हातानं ती त्यांची कूस बदलायची, पाण्याची वाटी भरायची. अर्धे दिवस सरले होते आणि वळवाचं मोठं वारं आलं. गावाबाहेर झाडं तारांवर पडली, खांब वाकले. दुपारी निरोप आला की लाईट दोन दिवस तरी येत नाही.

नागुबाईनं पेटीला वाकळ गुंडाळली. गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवल्या. काटा वर जायचा, खाली यायचा. एका जागी काही राहीना. अंडं हातात घेतलं तर कोमट लागायचं, आणि त्या कोमटपणानं तिला जास्तच वाईट वाटायचं. आत जीव धरलाय, हे तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. जयाबाईची बारकी गावठी कोंबडी खुडूक झाली होती, अंड्यांवर बसायला टपली होती. अंगाला हात लावू न देता, पिसं फुलवून ती क्वॉक-क्वॉक करत फिरत होती.

मारुतीरावानंही ऐकलं. “परशरामाला सांगतो. आणून दील.”

नागुबाई वाकळीवर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, “कोंबडी परशराम भावजींची न्हाय.”

ती उठली. भिंतीवरून हाक मारता आली असती, पण तिनं पुढच्या दारानं, रस्त्यावरून वळसा घेतला. जयाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली आणि तिचा हात सुपातच थांबला.

“तुझी कोंबडी खुडूक हाय न्हवं?” नागुबाई म्हणाली. “माझी अंडी गार पडाय लागल्यात.”

बोलणं एवढंच. इतक्या वर्षांनंतरचं पहिलं बोलणं कोंबडीचं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. जयाबाईनं सूप बाजूला ठेवलं.

“उद्या हिला पाण्यात बुडवणार व्हते, खुडूक मोडायला,” ती म्हणाली. “आत्ता ठेवून उपयोग न्हाय. उजेडात बुजंल आणि अंडी लाथाडंल. दिवस मावळू दे. टोपलं हाय?”

दिवस मावळल्यावर ती कोंबडी पदराखाली झाकून घेऊन आली. टोपल्यात भुसा, त्यावर ती ठिपक्यांची अंडी. कोंबडीनं एकदा चोचीनं अंडी चाचपली, इकडं-तिकडं सरकवली आणि पोट पसरून बसली. दोघी वाकून बघत होत्या. जयाबाई दाराशी गेली आणि थांबली. “सकाळी एकदाच उठवायची. दाणापाणी झालं की लगेच बसू दे. मी येते.”

ती आली. रोज आली. बोलणं कोंबडीपुरतंच होतं: आज खाल्लं का, शिटली का, अंडं फुटलं का. दोन-तीन अंडी कोंबडीच्या वजनानं फुटली. काहींत काही झालंच नाही. पण एका सकाळी टोपल्यातून बारीक चिवचिव आली आणि कोंबडीच्या पंखाखालून भुंग्याएवढं, पिवळं-तपकिरी पिलू डोकावलं. मागोमाग आणखी. कोंबडी त्यांच्याकडं मान वाकडी करून बघत राहिली. एवढी बारकी पोरं तिनं कधी काढली नव्हती.

आनंद झाला तसा घोरही लागला. लाव्ह्यांची पिलं पाण्याच्या बशीतसुद्धा बुडतात. नागुबाईनं बशीत खडे टाकले, तरी एक गेलंच. दुसरं कोंबडीच्या पायाखाली सापडलं. ती बिचारी आपल्या सवयीनं माती उकरायची आणि पोरं उडून पडायची. लाईट आली होती, म्हणून दोघींनी पिलं खोक्यात बल्बखाली ठेवली. बल्बखाली गोळा झाली तर गारठली, कडेला पांगली तर तापली, हे बघून बल्ब वर-खाली करायचा. मग कोंबडी रडवेली होऊन भिंतीच्या कडेनं पोरं शोधत फिरू लागली. जयाबाईला ते बघवेना. जरा दणकट झालेली चार पिलं तिनं कोंबडीबरोबर आपल्याकडं नेली. “जगली तर जगली,” ती म्हणाली. तीन जगली.

खोक्यातल्या एका पिलाच्या मागं हगवण सुकून घट्ट बसली होती. त्यानं मान टाकली होती. नागुबाई ओढून काढायला गेली, तशी जयाबाईनं तिचा हात धरला.

“वढू नगंस. कातडं येईल.”

तिनं कोमट पाण्यात फडकं बुडवलं, पिलू डाव्या तळहातावर पालथं घेतलं आणि फडकं नुसतं टेकवून धरलं. घाई नव्हती. घाण भिजली तशी तिनं ती थोडी थोडी टिपली, पुन्हा फडकं बुडवलं, पुन्हा टेकवलं. कोरड्या कापडानं पुसलं, तोंडाजवळ नेऊन ऊन फुंकर घातली. हे हात शिकलेले होते. नागुबाईला कळलं की ते पिलांवर शिकलेले नाहीत.

“आत्तीचं असंच करायचीस?” तिनं विचारलं.

जयाबाईनं वर पाहिलं नाही. “व्हय. पाठीला जखमा झाल्त्या. वढलं की वरडायच्या.”

“मला कुणी सांगितलं न्हाय.”

“तू इचारलं न्हाईस. आणि मी सांगण्यासारखं ठेवलं न्हाय.”

पिलू तळहातावर हळूहळू मान उचलत होतं.

“जया,” नागुबाई म्हणाली, “त्या कशा गेल्या?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न जयाबाईला कुणी विचारला नव्हता. पुरुषांनी नाही, पाव्हण्यांनी नाही. सगळ्यांना त्या गेल्या एवढं पुरलं होतं. ती भिंतीला टेकून बसली आणि सांगू लागली. शेवटी शेवटी आत्ती फक्त भाजलेलं रताळं कुस्करून दुधात खायच्या, तेही तिच्याच हातनं. कधी तिला ओळखायच्या, कधी आपली मेलेली बहीण समजायच्या. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की उंबरा धरून ठेवायच्या. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, वडगावचं पोरगं दूध प्यायला लागलं का.

“मी व्हय म्हणाले,” जयाबाई म्हणाली. “मला ठाव नव्हतं. तरी म्हणाले. मग त्या निजल्या.”

नागुबाईचा पदर तोंडाला गेला. त्याच दिवसांत बाळानं पहिल्यांदा नीट दूध ओढलं होतं.

“त्या दिवशी पंगतीत मी बोलले,” जयाबाई म्हणाली, “त्यात निम्मा माझा दमलेपणा व्हता गं, आक्का.”

“निम्मं खरं व्हतं की.”

“असंल.”

जयाबाईनं पिलू खोक्यात सोडलं. ते लटपटलं, मग दुसऱ्या पिलांत घुसलं. धारा काढायची वेळ झाली होती, दोघी उठल्या.

त्यानंतर दोघींचं एकदम गूळ-खोबरं झालं असं काही नाही. सांडपाण्याची मोरी कुणी साफ करायची यावरून अजून कुरबूर होते. पण आता कुरबूर तरी होते. लाव्ह्या दोन्ही परसांत आहेत, आणि कुणाचं खाद्य संपलं तर दुसरीच्या डब्यात हात जातो.

त्या रविवारी स्वरूपचा फोन आला तेव्हा नागुबाईनं त्याला आज्जीचे शेवटचे दिवस सांगितले. आत्तापर्यंत तिनं ते कधी सांगितले नव्हते, कारण तिच्याकडं सांगायला नव्हतेच.

“कुणी सांगितलं तुला?”

“जयानं.”

पुढच्या रविवारी तो पोराला घेऊन आला. नागुबाई लाव्ह्यांचं पाणी बदलत होती. तिला स्कूटरचा आवाज ओळखू आला, पण दार वाजलं नाही. स्कूटर पुढं जाऊन पलीकडच्या दाराशी थांबली, आणि भिंतीवरून पोराचा आवाज आला, “काकीआज्जी हाय काय घरात?” नागुबाईनं बशी नीट घासली, ताजं पाणी भरलं आणि पुढची बशी हातात घेतली. तिला घाई नव्हती.