जिना नाही तर स्लॅब नाही

स्लॅब भरायच्या दिवशी सकाळी मालूबाई शिडीनं वर चढल्या आणि जागीच थांबल्या. सळ्यांची जाळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग बांधलेली. जिन्यासाठी मोकळी जागा कुठंच सोडली नव्हती.

शनवारा वेशीबाहेरचा हा प्लॉट त्यांनी खानावळीच्या कमाईतून घेतला होता. नवरा कागद गिरणीत होता. तो वारला, गिरणीचं क्वार्टर सुटलं, तेव्हा त्यांनी बुधवारा पेठेत भाड्याच्या खोलीत डबे सुरू केले. त्या डब्यांवरच मुलगी रंजिता नर्स झाली.

"पंकज, जिना कुठंय?"

ठेकेदार पंकज चाचरला. "मावशी, दगाभाऊ बोलले जिना कॅन्सल. मले वाटलं तुमचं बोलणं झालं असेल."

धाकटे दीर दगा खाली खुर्ची टाकून चहा पीत होते. तिथूनच म्हणाले, "वहिनी, एकट्या बाईले गच्ची काहाले पाहिजे? रंजिता उद्या सासरी जाईल. घर तर आपल्याच खानदानात राहीन ना? वरचं माझा मोहित पाहून घेईल, बाहेरून जिना काढून."

मालूबाईंना आता सगळं कळलं.

"भाऊजी, वर रंजिताचं घर होणार. पंकज, जिना नाही तर स्लॅब नाही. मिक्सर चालू करू नको."

"मावशी, केळीची कटाई चालू आहे, सगळे मजूर तिकडं पळतात. आज मजूर सोडले तर परत कधी भेटतील, भरोसा नाही."

"चालू कर रे तू, मी सांगतो!" दगा ओरडले.

मिक्सर घरघरला. मालूबाई सरळ जाळीवर गेल्या आणि जिना यायचा त्या कोपऱ्यात मांडी घालून बसल्या. "भरायचा तर माझ्यासकट भरा."

गल्ली गोळा झाली. सळ्या तापत गेल्या, लुगड्यातून चटके बसू लागले. दगा खालून घराण्याची इज्जत काढत राहिले. "चार लोकांत तमाशा करता, वहिनी?"

"तमाशा तुम्ही मांडला. मी फक्त बसलीय, माझ्या घरात."

दगा खुर्ची लाथाडून निघून गेले. पंकजनं मिक्सर बंद केला. तो कान धरून म्हणाला, "मावशी, गलती झाली. प्लॉट तुमचा, तुमालेच विचारायचं होतं." कारागिरांनी त्या कोपऱ्यातल्या सळ्या कापल्या, कडेनं नव्या बांधल्या. मालूबाई शिडीनं खाली उतरल्या. आता सासरचं कुणी दारात येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मजूर आले. नारळ कुणी फोडायचा म्हणून सगळे घुटमळले. विधवेनं कसा फोडायचा? मालूबाईंनी नारळ उचलला आणि एका घावात फोडला. संध्याकाळपर्यंत स्लॅब भरून झाला.

घर पूर्ण झालं, पण वास्तुशांतीला दगांकडून कुणी आलं नाही. मालूबाई स्वतः पुरणपोळ्या घेऊन त्यांच्या दारात गेल्या. जाऊबाईंनी डबा घेतला नाही. वाटेत एक ओळखीची म्हणाली, "एका जिन्यासाठी नातं तोडलंस गं."

"मी दारात जाऊन आले," मालूबाई म्हणाल्या. "दार त्यांनी लावलं."

घरी येऊन त्यांनी रंजिताला हाक मारली, त्याच पोळ्यांवर तुपाची धार धरली, आणि दोघी पोटभर जेवल्या.